चष्मा अनावर्ती, शिक्षक आवर्ती

मार्च जवळ आला की सरकारी कचेऱ्यांत दोन प्रकारच्या माणसांची वर्दळ वाढते. ज्यांची देयके वर्षभर अडकून पडली आहेत ती, आणि ज्यांच्याजवळ काहीतरी विकण्याजोगे आहे ती. पहिल्यांना आम्ही बाहेरच्या बाकावर बसवतो, दुसऱ्यांना सभागृहात चहा देतो. अशाच एका चहाच्या वेळी माझ्या डोळ्यांवर तो चष्मा चढवण्यात आला.

चष्मा म्हणणे तसे बरोबर नाही. डोक्याला पट्ट्याने घट्ट बसणारी ती सुमारे अर्ध्या किलोची पेटीच असते. ती घातली की आपण बसलो आहोत ती खोली नाहीशी होते आणि आपण एका आभासी वर्गात येतो. समोर फळा, बाजूला खिडकी. खिडकीबाहेरून बस जाते, दार उघडून कोणीतरी आत डोकावते, मागच्या बाकावर कुजबुज होते. आणि या सगळ्याकडे दुर्लक्ष करून फळ्यावर ठरलेले अक्षर उमटले की हातातले बटण दाबायचे. माझी बटणे बरीच चुकली. सभागृहात हशा पिकला. पाठोपाठ दोन सहसचिव आणि एक संचालक यांनीही तो चष्मा लावून पाहिला, त्यांचीही बटणे चुकली, आणि वातावरण इतके खेळीमेळीचे झाले की पुढचा प्रस्ताव जवळजवळ मंजूर झाल्यासारखाच होता.

प्रस्ताव असा होता. ज्या मुलांचे लक्ष लागत नाही, जी सतत चुळबुळ करतात, ज्यांना डॉक्टरी भाषेत 'एडीएचडी' म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असल्याचे म्हटले जाते, त्यांच्यासाठी प्रत्येक प्रखंडातील निवडक सरकारी शाळांत व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे संच बसवायचे. या संचांद्वारे मुलांवर 'थेरपी' होईल. औषध नको, डॉक्टर नको, दुष्परिणाम नाहीत. पडद्यावर एक निळा स्तंभ उंच उंच जाताना दिसत होता. तो कशाचा स्तंभ आहे, असे पहिली काही मिनिटे कोणीच विचारले नाही. मीही नाही, कारण मी नुकताच तो चष्मा डोळ्यांवरून काढला होता आणि अजून थोडा हसत होतो.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. तशाच धर्तीचे प्रस्ताव निरनिराळ्या राज्यांतील सहकाऱ्यांकडेही येत आहेत असे बोलण्यातून कळते. म्हणून या बाबतीत माझे मत स्पष्टपणे मांडावे असे ठरवले. ते मत असे, की लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी सरकारी पैशाने ही यंत्रे घेणे हा उपचार नसून पळवाट आहे. आणि ही पळवाट विक्रेत्याने नव्हे, आपण प्रशासनातल्या माणसांनी बांधून ठेवलेली आहे.

आधी विज्ञानाचे पाहू, कारण आमच्यापैकी पुष्कळांना वाटते की ती बाजू भक्कम आहे आणि अडचण फक्त पैशाची आहे.

आभासी वास्तवाचा मानसोपचारात उपयोग होतो, हे खोटे नाही. उंचीच्या भीतीवर त्याचा प्रयोग अमेरिकेत १९९५ च्या सुमारास झाला आणि तो यशस्वी ठरला. भाजलेल्या रुग्णांच्या पट्ट्या बदलताना त्यांचे मन बर्फाच्या आभासी प्रदेशात गुंतवले, तर वेदना कमी जाणवतात, हेही दिसून आले आहे. जिथे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आहे किंवा काही मिनिटे लक्ष दुसरीकडे वळवायचे आहे, तिथे हे साधन चांगले काम करते. लक्ष दुसरीकडे वळवण्यात जे साधन इतके वाकबगार, तेच लक्ष एका जागी टिकवायला शिकवील, हा मात्र वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

मला दाखवलेला तो आभासी वर्गही नवा नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट रिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्गाची कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आणली. पण ती प्रामुख्याने मोजण्यासाठी होती. मुलाचे लक्ष कधी, कशाने, किती विचलित होते हे पाहण्यासाठी. तापमापक आणि तापावरचे औषध यांत जेवढा फरक आहे तेवढाच हा. आमच्या सभागृहात तापमापक दाखवून औषध विकले जात होते.

उपचार म्हणून ज्या डिजिटल खेळाला सर्वांत मोठी मान्यता मिळाली त्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. तो आभासी वास्तवाचा नव्हे, साध्या टॅब्लेटवरचा खेळ होता. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'एन्डेव्हरआरएक्स' या खेळाला ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टरी चिठ्ठीवर देण्याचा उपचार म्हणून परवानगी दिली. त्यामागच्या चाचणीत ३४८ मुले होती. निम्म्यांनी हा खेळ आणि उरलेल्यांनी शब्दांचा एक साधा खेळ, रोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, असा ४ आठवडे खेळला. निष्कर्ष काय? संगणकावरच्या अवधान-चाचणीत पहिल्या गटाचे गुण सुधारले. पण पालकांनी आणि डॉक्टरांनी मुलांच्या प्रत्यक्ष लक्षणांचे जे मूल्यमापन केले, त्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दोन्ही गट थोडेथोडे सुधारलेले दिसले. म्हणजे संगणकावर सराव केलेले मूल संगणकावर तरबेज झाले. गृहपाठाची वही हरवण्याचे त्याचे प्रमाण या खेळाने कमी झाले, असे म्हणायला आधार मिळाला नाही. पुढे २०२३ मध्ये त्या कंपनीने चिठ्ठीवरच्या विक्रीचा मार्गच सोडला, कर्मचारी कमी केले आणि २०२४ मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. विकत घेणाऱ्या कंपनीचा व्यवसाय आभासी वास्तवाचा आहे, हा तपशील गमतीचा म्हणून नोंदवतो.

हे एकट्या त्या खेळाचे वैगुण्य नव्हे. बोधात्मक प्रशिक्षणावर आजवर जे अभ्यास झाले त्यांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये युरोपातील संशोधकांच्या एका गटाने घेतला. मूल कोणता उपचार घेत आहे हे ज्यांना ठाऊक असते, त्यांच्या मतानुसार सुधारणा दिसते; ज्यांना ते ठाऊक नसते, त्यांच्या नोंदींत ती जवळपास विरून जाते, असेच चित्र दोन्ही वेळा समोर आले. आभासी वास्तवाच्या ज्या चाचण्या आहेत त्या बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. उद्या यातून काही चांगले निघेल, कोणी सांगावे! निघाले तर आनंदच आहे. पण सरकारी तिजोरी ही आशेवर पैज लावण्यासाठी नसते.

आता हिशेब. आमच्या बैठकांत हिशेब फार होतात, पण सगळे रुपयांचे. मी मिनिटांचा करतो. जगभरच्या अभ्यासांचा २००७ मध्ये जो गोषवारा निघाला त्यानुसार शालेय वयात या विकाराचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे २०० मुलांच्या प्राथमिक शाळेत साधारण १० मुले. वर सांगितलेल्या चाचणीतली मात्रा धरली तर प्रत्येकी २५ मिनिटे. त्यात पट्टा बसवणे, भिंगे पुसणे, मुलाला मळमळल्यास थांबणे, नोंद करणे यांची दहा मिनिटे मिळवा. १० मुलांची ३५० मिनिटे झाली. म्हणजे एक संच शाळेची जवळजवळ सगळी वेळ व्यापून बसला आणि त्याच्याजवळ एक मोठे माणूस दिवसभर उभे राहिले. ते माणूस कोण? देशात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, हे २०२४-२५ च्या केंद्र सरकारच्याच आकडेवारीत आहे. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे तिथे हा चष्मा एका मुलाला लावायचा म्हणजे उरलेल्या सर्वांना वाऱ्यावर सोडायचे. आणि ज्या शाळेत एक जादा माणूस दिवसभर देता येतो, त्या शाळेला चष्म्याची गरज उरत नाही. ते माणूसच उपचार आहे.

मात्र हा साधा हिशेब प्रशासनाला पटत नाही. त्याचे कारण अज्ञान नव्हे, लेखाशीर्ष आहे.

आमच्याकडे खर्च दोन जातींचा. आवर्ती आणि अनावर्ती. अनावर्ती खर्च एकदाच होतो. यंत्र घेतले, देयक चुकते झाले, ३१ मार्चला प्रकरण संपले. आवर्ती खर्च दरवर्षी होत राहतो. पगार, महागाई भत्ता, निवृत्तीनंतरचे लाभ. वित्त विभागाला पहिल्याची चिंता नसते, दुसऱ्याची धास्ती असते. एक विशेष शिक्षकाचे पद निर्माण करायचे तर नस्ती जितकी टेबले फिरते तितक्यात दोनशे यंत्रांची निविदा निघून, उघडून, यंत्रे येऊन, उद्घाटनाची फीतही कापून होते. यंत्राला संघटना नसते, ते न्यायालयात जात नाही, बदली मागत नाही, प्रसूतिरजा घेत नाही. आणि छायाचित्रात शिक्षिकेपेक्षा यंत्र अधिक शोभते हेही खरेच. मंत्रिमहोदयांनी विशेष शिक्षिकेशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आल्याचे मला तरी आठवत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी जिल्ह्यात असताना विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी संगणक आणि खास सॉफ्टवेअर घेण्याच्या एका नस्तीवर माझीही सही आहे. निधी परत जाणार होता, दिवस मार्चचे होते, आणि मुलांसाठी काहीतरी होते आहे याचे समाधानही होते. नंतर वर्ष-दीड वर्षाने एका प्रखंडाच्या संसाधन केंद्रात सहज डोकावलो. संगणक कपाटात होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या मुख्याध्यापकांची बदली झाली होती आणि त्यांनी कार्यभार सोपवताना किल्लीही सोपवली होती की नाही याबद्दल दोन मते होती. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र सर्व वस्तू व्यवस्थित चढवलेल्या होत्या, अनुक्रमांकांसह. आणि उपयोगिता प्रमाणपत्र? ते तर वेळेत राज्याला, राज्याकडून केंद्राला गेले होते. त्यावरही माझीच सही. 'उपयोगिता' या शब्दाचा आमच्या व्यवहारातला अर्थ पैसा खर्च झाला एवढाच असतो, वस्तू उपयोगात आली असा नसतो, हे त्या दिवशी त्या कुलपासमोर उभे राहून मला प्रथम नीट समजले.

यंत्रांना 'नाही' म्हणण्याची परंपरा आपल्या प्रशासनात नाही असे मात्र कोणी समजू नये. २००६ मध्ये प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची जागतिक योजना भारतापुढे आली होती. अमेरिकेतील नामांकित संस्थेचे नाव पाठीशी होते, जगभर बोलबाला होता. तेव्हाचे केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला लेखी कळवले, की शैक्षणिकदृष्ट्या ही कल्पना संशयास्पद आहे आणि वर्ग व शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे. बॅनर्जी हे हिंदीतील मान्यवर कवी होते. बहुधा त्यामुळेच शब्दांच्या मागे काही आहे की नाही हे त्यांना चटकन कळले असावे. तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. पुढे पेरूने ती योजना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, तेव्हा गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत काहीही फरक पडलेला नव्हता.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. तो ठरल्याप्रमाणे एक वर्ष चालला आणि ठरलेल्या दिवशी थांबला. समाजशास्त्रज्ञ खेड्यांत राहून काय घडते, काय घडत नाही हे टिपत होते. मला यंत्राचे वावडे नाही. प्रयोगाला प्रयोग म्हणण्याचा, म्हणजे तो फसू शकतो हे आधी कबूल करण्याचा, जो सरळपणा तेव्हा होता तो आज निविदेत दिसत नाही, एवढीच तक्रार आहे.

हा सरळपणा किती हरवला आहे याचे एक उदाहरण त्या प्रस्तावातच होते. सादरीकरणात जागोजागी 'थेरपी' हा शब्द होता. सोबतच्या तांत्रिक विनिर्देशात मात्र तेच यंत्र 'शैक्षणिक उपकरण' झाले होते. कारण उघड आहे. २०२० च्या १ एप्रिलपासून आपल्याकडे रोगाचे निदान वा उपचार करण्याचा दावा असलेले उपकरण, त्यात सॉफ्टवेअरही आले, वैद्यकीय उपकरण म्हणून कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे परवाना आला, पुरावा आला, जबाबदारी आली. शैक्षणिक उपकरणाला यांतले काहीच लागत नाही. सभागृहात औषध आणि कागदावर खेळणे, असा हा दुहेरी वेष आहे. आणि आमचे खरेदीचे नियम सर्वांत कमी दर पाहतात, वेष पाहत नाहीत.

आणखी एक गोष्ट. हा चष्मा मुलाला काही दाखवतो त्याबरोबरच मुलाकडे पाहतही असतो. मान कुठे वळली, हात किती हलला, काही संचांत तर नजर कुठे रेंगाळली, हे सगळे क्षणोक्षणी नोंदले जाते. आठ वर्षांच्या मुलाच्या चंचलतेची ही नोंद कोणाच्या संगणकावर राहणार, किती वर्षे, याचे उत्तर प्रस्तावात नव्हते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. आमच्याकडे ही संमती म्हणजे प्रवेशाच्या दिवशी आईचा अंगठा घेतलेला एक छापील कागद, असा अर्थ व्हायला वेळ लागणार नाही. मोठ्या उत्पादकांपैकी एकाने २०२३ पर्यंत आपले संच १३ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत असेच म्हटले होते, मग ती मर्यादा १० वर आणली. आमचा प्रस्ताव पहिलीपासूनच्या मुलांसाठी होता.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. तेही सोपे नाही. माझे एक तरुण सहकारी स्वतः डॉक्टर आहेत. त्यांनी मला नंतर विचारले, "सर, तुम्ही चष्मा नाकारलात, पण त्या मुलाला देणार काय? आपल्या निम्म्या जिल्ह्यांत मानसोपचारतज्ज्ञ नाही, मुलांचा तर नाहीच. गोळी म्हटली की आईबाप घाबरतात. काहीच नसण्यापेक्षा हे बरे नव्हे का?"

प्रश्न प्रामाणिक होता. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे वास्तव आहे. पण 'काहीच नसण्यापेक्षा बरे' हे वाक्य सरकारी कामात फार महाग पडते. कारण ते 'काहीतरी' आले की रकाना भरतो. अहवालात त्या मुलावर उपचार सुरू असल्याची नोंद होते आणि पद निर्माण करण्याची नस्ती, जी आधीच रखडत होती, ती 'सुविधा उपलब्ध आहे' असा शेरा घेऊन कायमची बंद होते. रिकामी जागा निदान दिसते तरी.

शिवाय आपल्याकडे काहीच नाही हेही खरे नाही. जे आहे ते जोडलेले नाही. २०१३ मध्ये फेब्रुवारी महिन्यात आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात ज्या ३० बाबींसाठी मुलांची तपासणी करायची त्या यादीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता स्पष्ट शब्दांत आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत ती स्वतंत्रपणे नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, ही नाही. म्हणजे आरोग्य खात्याचे पथक शाळेत येऊन मुलाच्या नावापुढे खूण करते, आणि ती खूण घेऊन मूल शिक्षण खात्याकडे आले की तिथल्या रकान्यात त्याला जागा नसते. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, सवलत नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पद नाही. दोन खात्यांच्या दोन याद्या एकमेकींशी जुळवणे हे काम कोणत्याही चष्म्याशिवाय होऊ शकते. त्याला एक परिपत्रक आणि दोन सचिवांची एक बैठक लागते. ही बैठक मात्र मार्चमध्ये कोणी ठेवत नाही, कारण तिच्यातून निधी खर्ची पडत नाही.

गोळीचे म्हणाल तर मेथिलफेनिडेट हे औषध आपल्याकडे अनुसूची 'एक्स'मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची, साठा कुलपात. नियम योग्यच आहेत, पण त्यामुळे लहान गावांतले औषधविक्रेते ते ठेवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो, की काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे सर्वांत चांगली आटोक्यात येतात. आणि लहान वयात आधी पालकांना वर्तन-व्यवस्थापन शिकवावे, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका म्हणते. जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात ते औषध ठेवण्याची व्यवस्था करणे हा जिल्हाधिकाऱ्याच्या आवाक्यातला विषय आहे. आईबाप गोळीला घाबरतात हे खरे; पण त्यांच्याशी अर्धा तास बोलणारे कोणी नाही म्हणून घाबरतात.

आणि त्याही आधीचे एक पाऊल आहे. लक्ष न लागणारे प्रत्येक मूल या विकाराचे नसते. निदानाची अट अशी, की लक्षणे १२ वर्षांच्या आतली हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, आणि घरी व शाळेत अशी निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. मूल कमी ऐकते का, त्याला फळा दिसतो का, ते उपाशी येते का, त्याला रक्तक्षय आहे का, रात्री घरात भांडणे होतात म्हणून ते झोपतच नाही का, हे सर्व आधी पाहावे लागते. कॅनडाच्या एका प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्गातल्या सर्वांत लहान, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर या विकाराचा शिक्का जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के अधिक बसल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. ती मुले आजारी नव्हती, लहान होती. चष्म्यातला आभासी वर्ग यांतले काहीच ओळखत नाही. तो फक्त बटणे मोजतो, आणि बटणे तर माझीही चुकली होती.

मला जे करता येण्यासारखे वाटते ते मी कागदावर नव्हे, एका प्राथमिक शाळेत पाहिले आहे. कंत्राटी विशेष शिक्षिका, वाट्याला एक डझन शाळा, स्वतःच्या स्कूटरवरून फिरणाऱ्या. चौथीतल्या एका मुलाला त्यांनी खिडकीपासून उठवून पहिल्या बाकावर आणले. वर्गशिक्षकाला सांगितले, की त्याला एका वेळी एकच सूचना द्या, पाच गणिते एकदम नकोत, दोन द्या. तासाच्या मध्ये वह्या वाटण्याचे, खडू आणण्याचे काम त्याच्याकडे, म्हणजे त्याचे उठणे हा गुन्हा राहणार नाही. आणि एक साधे पुठ्ठ्याचे कार्ड. त्यावर रोज तीन खुणा. काम पूर्ण केले का, जागेवर बसला का, दुसऱ्याला मारले नाही ना. कार्ड घरी जायचे, आई त्यावर अंगठा उठवायची आणि दोन खुणा असल्या की रात्री त्याला आजोबांबरोबर गोठ्यावर झोपायला परवानगी. हे रोजचे कार्ड कोणा अडाणी माणसाची युक्ती नव्हे. वर्तनोपचाराच्या पुस्तकांत ते वर्षानुवर्षे आहे. मी गेलो तेव्हा मुलाने मला वही दाखवली. पहिल्या पानांवर अर्धवट गणिते, पुढे पुढे पूर्ण पाने. तो वही दाखवत असतानाही एका पायावर उभा होता, ते जाऊ द्या.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा कार्ड नव्हते. शिक्षिकेचे कंत्राट संपले होते आणि नव्या वर्षाच्या आराखड्याला मंजुरी यायला तीन-चार महिने लागले होते. मधल्या काळात मुलगा पुन्हा खिडकीशी गेला, आणि मग शाळेत येईनासा झाला. शिक्षिका परत रुजू झाल्या होत्या. नव्या प्रस्तावाची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, खरोखर माहिती हवी म्हणून विचारले, "सर, ते यंत्र आले तर ते चालवायचे कोणी? आणि ते येईल तेव्हा मी असेन का?"

या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच उत्तर दिलेले आहे. रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दर १० आणि पुढच्या स्तरावर दर १५ विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण न्यायालयाने ठरवून दिले; आणि राज्यांनी पदे मंजूर करून अधिसूचित करावीत असे मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावले. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूदही आहे. म्हणजे आदेश आहे, लेखाशीर्ष आहे. रखडली आहे ती फक्त आमची टिपणी.

म्हणून त्या प्रस्तावाच्या नस्तीवर मी दीड पानांची टिपणी लिहिली. संच खरेदी करू नयेत. करायचेच असतील तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालमानसोपचार विभागामार्फत, वैद्यकीय उपकरण म्हणून, मर्यादित संख्येत, नैतिक समितीच्या परवानगीने आणि तुलनेच्या गटासह प्रयोग करावा, व त्याचा निकाल काहीही लागला तरी प्रसिद्ध करावा. दरम्यान तेवढीच रक्कम विशेष शिक्षकांच्या कंत्राटांमधील खंड भरून काढण्यासाठी वापरता येईल का, याबाबत वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत. सोबत त्या शाळेच्या हजेरीपटाचे एक पान जोडले, नाव झाकून.

नस्ती वरून परत आली आहे. माझ्या टिपणीवर एकही खूण नाही. खाली हिरव्या शाईत दोनच शब्द आहेत: 'चर्चा करावी'. चर्चेची तारीख अजून मिळालेली नाही, आणि त्या तरुण विक्रेत्याचा फोन काल पुन्हा येऊन गेला.